बुधाजी घोरत नाही

बुधाजी घोरतो हे त्याच्या घरात, आळीत, विहारात आणि भातसा धरणाच्या चौकीवर सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या बुधाजीला. "मी घोरत नाय," तो ठासून सांगायचा. "नुसता डोळे मिटून पडलेला असतो. कान उघडेच असतात माझे." आणि ते उघडे कान घेऊन असा काही सूर लावायचा की शेजारच्या घरातलं पाळण्यातलं पोर दचकून उठायचं.

माणूस वाईट नव्हता. धरणावर दिवसपाळीचा पहारेकरी, पन्नाशीला आलेला, मान आखूड, पोट सुटलेलं, मिशीला रोज तेल. दारू नाही, पत्ते नाहीत. व्यसन म्हणाल तर एकच, आपलंच म्हणणं खरं करायचं. रात्रभर आडवा पडूनही त्याची झोप पुरी व्हायची नाही. चौकीत खुर्चीवर डुलकी, जेवताना डुलकी, पौर्णिमेला विहारात वंदना सुरू झाली की हनुवटी छातीवर. शेवटी सगळे "साधू, साधू, साधू" म्हणायचे तेव्हा निम्मा जोर बुधाजीला उठवण्यासाठी लावलेला असायचा. उठून तो शेजारच्याला सांगायचा, "ध्यान लागलं व्हतं."

त्याच्या बायकोने, चिमाबाईने, हे सगळं पंचवीस वर्षं काढलं. पोरी लग्न होऊन मुरबाडकडे गेल्या, घरात दोघंच उरली आणि आवाजाला अडवायला कुणी राहिलं नाही. वाशिंदच्या कारखान्यात कामाला असलेल्या धम्मपालने, म्हणजे बुधाजीच्या पुतण्याने, शेवटी पुरावा म्हणून टेपरेकॉर्डर आणला आणि काकांची दुपारची झोप भरून घेतली. चहाच्या वेळी सगळ्यांना बसवून ती कॅसेट लावली. बुधाजीने मान तिरकी करून लक्ष देऊन ऐकली. मग म्हणाला, "कसारा घाटात चढाला लागलेला ट्रक हाय. दोन नंबरच्या गिअरमधी." धम्मपालने टेप बंद केला आणि चहा पिऊन गेला.

गंमत अशी की आजार कबूल नसला तरी बुधाजी उपाय सगळे करायचा. "तुझ्या समाधानासाठी गो," असं चिमाबाईला म्हणायचं आणि करायचं. नाकात कोमट तूप सोडून झालं. तूप मिशीत उतरलं, मुंग्या आल्या. कुणी म्हणालं उताणं झोपू नये, म्हणून धम्मपालने बंडीच्या पाठीवर रबरी चेंडू शिवून दिला. बुधाजी त्या चेंडूवर उताणाच झोपला आणि सकाळी पाठीला शेक घेत बसला. म्हसा गावच्या जत्रेत घोंगडी घ्यायला गेला तेव्हा एका वैदूने कसलीशी मुळी दिली, उशीखाली ठेवायला. मुळीला असा काही वास होता की चिमाबाईनेच ती तिसऱ्या दिवशी चुलीत घातली. एवढं करूनही सकाळी तिने तोंड उघडलं की याचं उत्तर तयार, "काय पन बोलतेस. मी जागा व्हतो."

एका सकाळी चिमाबाईने आपली गोधडी आणि उशी काखेत मारली आणि शेजारच्या कमळकडे नेऊन ठेवली. कमळ एकटी राहायची, तिलाही सोबत झाली. चिमाबाई दिवसभर घरचं सगळं करायची, भाकरी वाढायची, आणि दिवेलागणीनंतर पलीकडे निघून जायची. आळीला विषय मिळाला. जावई आले त्या वयात बायको गोधडी घेऊन गेली, म्हणून पाणवठ्यावर हसणं सुरू झालं. बुधाजीला हसण्याचं तितकं वाटलं नाही. पण घरात आपल्याच श्वासाशिवाय दुसरा श्वास नाही, हे त्याला सोसेना. त्याला चिमा परत हवी होती. मात्र "मी घोरतो" हे दोन शब्द सोडून त्यासाठी तो काहीही करायला तयार होता.

"ध्यानाच्या शिबिराला जा," धम्मपाल म्हणाला. "घाटावर, दहा दिवस. मौन पाळायचं, आपला श्वास बघायचा. लोकांची तंबाखू सुटते, राग सुटतो. तुमचं पन सुटंल."

"माझं काय सुटायचं?"

"ते तिकडं कळंल."

बुधाजीच्या गावात एक नवी रीत होती. शिबिर करून आलेल्याने पुढच्या पौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर उभं राहून अनुभव सांगायचा. आतापर्यंत कुणी अनुभव वाईट सांगितला नव्हता. बुधाजीने निघताना चिमाबाईला दारात गाठलं. "पौर्णिमेला विहारात सांगतो सगळ्यांम्होरं. मंग तरी येशील ना घरी?" चिमाबाई तांदूळ पाखडत होती. "काय सांगता ते बघू," ती म्हणाली.

शिबिरात बुधाजीला तीन जणांबरोबर एक खोली मिळाली. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, एकमेकांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. बुधाजीला हे फार मानवलं. पहिली सकाळ झाली, कुणी तक्रार केली नाही. दुसरी झाली, तरी नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा सकाळी सकाळी कुणी त्याला "काय घोरता हो" म्हणत नव्हतं. चौथ्या दिवशी त्याची खात्री पटली की जे काही होतं, नव्हतंच म्हणा, पण जे होतं ते गेलं.

खोलीतले साधक मात्र साधनेत फार पुढे गेलेले दिसत होते. एकाचे डोळे लालबुंद, सतत पाणी गळायचं. करुणा जागी झाली, बुधाजीला वाटलं. दुसऱ्याने गादी उचलून व्हरांड्यात नेली आणि तिथे थंडीत झोपू लागला. सुखाचा त्याग. तिसरा उंच, काटकुळा माणूस, तो तर झोपतच नसे. बुधाजीला पहाटे जाग यायची तेव्हा तो कॉटच्या कडेला पाय सोडून बसलेला, नजर याच्याकडे. एवढी साधना आपल्याला या जन्मात जमायची नाही, असं बुधाजीला मनापासून वाटलं.

शेवटच्या दिवशी सकाळी मौन सुटलं. दालनाबाहेर सगळे एकदम बोलू लागले. खोलीतले तिघे सरळ बुधाजीकडेच आले, तेव्हा तो हात जोडून, अभिनंदन घ्यायला उभा राहिला.

"राग आला की नुसता बघायचा असं शिकवलं इथं," लाल डोळ्यांचा म्हणाला. "तुमच्या कृपेने रोज रात्रभर बघायला मिळाला."

"शिबिराच्या सेवकाशी गरजेपुरतं बोलता येतं, त्याच्याकडे मी तक्रार केली," व्हरांड्यातला म्हणाला. "तो म्हणाला, तो पण एक आवाजच आहे, ऐकून सोडून द्या. मी गादी घेऊन सोडून दिलं."

बुधाजीचे जोडलेले हात तसेच राहिले. आजवर आळीतल्यांनी सांगितलं ते आळीतले होते, त्यांना खोडी काढायची सवय. ही माणसं तर त्याला नावानेही ओळखत नव्हती, त्यांना खोटं बोलून काय मिळणार होतं? ट्रक चढत नव्हता, तो आपणच होतो, हे त्याला तिथे उन्हात उभ्या उभ्या कळलं आणि कानशिलं तापली.

काटकुळा मागे राहिला होता. रघू त्याचं नाव, कसाऱ्याला रेल्वेत फिटर. बाकीचे चहाला गेल्यावर तो म्हणाला, "दादा, घोरन्याचं मला काय नाय. रेल्वेत ऱ्हातो, इंजिनाशेजारी झोपलोय. पन तुमी मधीच थांबता."

"थांबतो म्हंजे?"

"श्वास थांबतो तुमचा. आवाज बंद, छाती पन हलत नाय. मंग एकदम हिसका बसून सुरू. रातभर असंच. इथं आपला श्वास बघायला सांगितलेला, मी तुमचाच बघत बसलो. लई वेळ थांबला की कॉटला पाय मारायचो." रघूने डोळे चोळले. "डाक्टरला दाखवा. आनि घरी कोन असंल त्यांना इचारा."

बुधाजी घरी आला तो गप्प. धम्मपालला वाटलं मौन अजून उतरलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी पौर्णिमा होती. संध्याकाळी विहार भरला, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. वंदना झाली आणि आश्चर्य म्हणजे बुधाजी तिच्यात जागा राहिला. धम्मपालने मोठ्या हौसेने काकांना पुढे बोलावलं.

बुधाजीने मिशीवरून हात फिरवला. खाली बसलेल्या चिमाबाईकडे बघायचं नाही असं ठरवून तिच्याकडेच बघितलं.

"मी घोरतो," तो म्हणाला.

विहार असा हसला की दारातलं कुत्रं उठून गेलं. पुरुष मांड्या थोपटून हसले, कमळने पदर तोंडात घातला. बुधाजी तसाच उभा राहिला. "खोलीतल्यांची झोप घालवली. तरी मला वाटलं बरा झालो. कुनी बोललं नाय ना. घरी बोलायची माझी बायको, तिला मी खोटी पाडली. एवढी वर्सं." हसणं जरा विरलं. "तो रघू म्हनाला, माझा श्वास थांबतो मधी. बंदच पडतो." आता कुणी हसलं नाही. चिमाबाई उठली आणि मागल्या दाराने निघून गेली.

तो घरी पोचला तेव्हा ती चटईवर गोधडी अंथरत होती. कमळकडची उशीही आली होती. बुधाजी उंबऱ्यावर बसला, आत जायचा धीर होईना.

"श्वास थांबतो म्हनं माझा," तो म्हणाला.

"ठावं हाय मला."

"ठावं हाय?"

"मंग काय. थांबला की मीच हलवायचे तुमाला. कवा कोपरानं, कवा लाथ घालून. कमळकडं गेले तरी कुडाची भिंतच तर हाय मधी. आवाज नाय आला की कुडावर हात आपटायचे. हे दहा दिवस तर डोळा नाय माझ्या डोळ्याला. तिकडं कोन उठवनार तुमाला?"

"एवढं व्हतं तर गेलीस कशाला गो?"

"तुमचा जीव राखायचा मी, आनि सकाळी खोटी पन मीच. कटाळले." तिने गोधडीची सुरकुती हाताने सपाट केली. "उद्या शहापूरला डाक्टरकडं जायचं. मी संगती येनार. तितं पन तुमी नाय म्हनाल."

तो आत येऊन तिच्या शेजारी आडवा झाला. आपणहून कुशीवर वळला. डोळे जडावले तसं त्याने चाचरत विचारलं, "आता घोरलो तर?"

"घोरा खुशाल," चिमाबाई म्हणाली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "थांबू नका फकस्त."