स्नानापर्यंतचा दिवस

मौनम् मामांना काही विचारलं की उत्तर लगेच येत नसे. "मामा, किती वाजले?" एवढ्याशा प्रश्नालासुद्धा ते आधी ओठ मिटत, नाकानं एक लांब श्वास घेत आणि मग सांगत. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, नुकतीच पुण्याहून मद्रासला आले होते, आणि पहिले काही दिवस मला वाटलं की त्यांना मराठी नीट येत नसावं, मनातल्या मनात जुळवून बोलत असावेत. मी तसं त्यांना विचारलंसुद्धा. पुन्हा तोच श्वास, आणि मग, "येतें गे पोरी. बोलायचें तें आधीं आंत एकदां पाहून घेतों."

माझे वडील तारखात्यात होते. बदलीवर आम्ही नुंगंबाक्कमला, स्टेशनामागच्या एका गल्लीत, मुदलियारांच्या घरात भाड्यानं राहायला आलो. पुढच्या दोन खोल्या आमच्या आणि मागच्या दोन मौनम् मामांच्या. मधे अंगण, अंगणात दोघांची मिळून एक विहीर. त्यांना सगळे मोठे लोक रावजी म्हणत. मौनम् मामा हे नाव गल्लीतल्या तमिळ मुलांनी ठेवलेलं. त्यांचं घराणं दोन-अडीचशे वर्षं तंजावरात मुरलेलं. त्यांचं मराठी ऐकून आई म्हणायची, "पोथी बोलतेय असं वाटतं, आणि मधेच तमिळ कुठून येतं कळत नाही." मामा एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते, जमिनीचे नकाशे काढत. त्यांच्या उजव्या हाताइतका स्थिर हात मी पुढं कुणाचा पाहिला नाही. केसासारखी बारीक रेघ एका दमात, कुठंही जाड न होता, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची.

त्यांची दुसरी सवय विहिरीची. कचेरीतून आले आणि चेहरा उतरलेला असला, की ते कुणाशी न बोलता कोट काढून विहिरीवर जात आणि पाणी ओढायला लागत. आपला हंडा भरला की आमचा हौद, आमचा हौद भरला की केळीची आळी, तीही भरली की शेजारच्या म्हाताऱ्या पाट्टीच्या घागरी. आई हसून म्हणायची, "आज कचेरीत कुणीतरी रावजींना चांगलंच छेडलेलं दिसतंय, आपल्याला दोन दिवस पाण्याची काळजी नाही." मीही हसायची. त्या पाण्यामागं काय आहे, ते आम्हा दोघींनाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते कळलं माझ्याच हातून झालेल्या चुकीमुळं. मामा मला चित्रकला शिकवत. एका रविवारी सकाळी त्यांनी कचेरीचं काम घरी आणलं होतं. ट्रेसिंगच्या कापडावर एक अख्खा तालुका उतरवत आणला होता. मी ब्रश घ्यायला वाकले आणि माझ्या कोपरानं काळ्या शाईची बाटली कलंडली. शाई तळ्यांवर, रस्त्यांवर, गावांच्या नावांवर पसरत गेली. मामा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. उजवा हात त्यांनी डाव्या हातानं मनगटाशी घट्ट धरला आणि ते बाहेर गेले. रहाटाचा आवाज सुरू झाला. तो कितीतरी वेळ थांबलाच नाही. मी रडत होते ते आत बसलेल्या अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ऐकलं आणि त्या आल्या. मी घाबरले होते, पण अक्का माझ्याहून जास्त थरथरत होत्या.

शेवटी मामा चिंब होऊन आत आले आणि तमिळमधलं त्यांचं नेहमीचं 'बरं' म्हणाले, "सेरी. फडकें आण. टिपून घेऊं." एवढंच. मग नवं कापड लावून पुढचे चार रविवार त्यांनी तो तालुका पुन्हा काढला.

त्या दुपारी अक्कांनी मला सांगितलं. त्यांना एक मुलगा होता, सेतू. तो अकरा वर्षांचा असताना त्याच्या हातून अशीच शाई सांडली होती. मामांनी त्याच्या कानाखाली मारली. एकच मारली. पण डाव्या कानातून रक्त आलं, आणि त्या कानानं त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. तो काही पहिला मार नव्हता. अक्कांनीही वीस वर्षं खाल्ला होता. भात कच्चा राहिला म्हणून, दार उघडायला उशीर झाला म्हणून, कधी नुसतंच समोर आल्या म्हणून. सेतू अठराव्या वर्षी खरगपूरला रेल्वेच्या कारखान्यात लागला आणि गेला तो परत आला नाही. आईला पत्र लिहीत असे. त्यात बापाचं नाव नसे.

"आतां मारीत नाहींत," अक्का म्हणाल्या. "सहा वर्षें झालीं. पण ते खुंटीवरची टोपी घ्यायला हात वर करतात ना, तरी माझी मान खालीं जाते. त्यांनीं शिकून घेतलें. ह्या मानेला कोण शिकवणार?"

मला त्यानंतर बरेच दिवस मामांकडे जाववेना. ज्या हातात हात देऊन मी रेघ काढायला शिकले, तोच तो हात. मामांनी बोलावलं नाही, कारणही विचारलं नाही. माझा कागद, माझा ब्रश त्यांच्या खिडकीत तसाच असे. दोन-तीन महिन्यांनी मी आपण होऊन गेले.

मला स्वतःलाही राग फार यायचा. तेरा वर्षांची असताना मी धाकट्या भावाला पाटी फेकून मारली. त्याच्या कपाळाला खोक पडली. आईनं मला देवापुढं बसवून शपथ घ्यायला लावली. संध्याकाळी मामांनी अंगणात मला गाठलं. "शपथ घेतलीस?" मी हो म्हटलं. "किती दिवसांची?" "जन्मभराची." त्यांनी मान हलवली.

"मीं अशा पुष्कळ घेतल्या. तिरुपतीला डोई मुंडवून शपथ घेतली, एकादशीला घेतली, पोराच्या कानांत औषध घालतांना घेतली. कुठली चार दिवस टिकली नाहीं. सेतू गेला तेव्हां मजला समजलें, माझ्याच्यानें जन्म पेलत नाहीं. दिवसहि पेलत नाहीं. म्हटलें, उठल्यापासून स्नान होईपर्यंत आवाज चढवायचा नाहीं. तेवढेंच. पुढचें पुढें."

"आणि स्नान झाल्यावर?"

त्यांनी श्वास घेतला. "स्नान झाल्यावर मी पूर्वीचाच होतों. ओरडत होतों, ताट ढकलीत होतों. तें खोटें कशाला सांगूं? पण स्नानापर्यंतचें मोडलें नाहीं. पांच महिन्यांनीं कचेरीला निघेपर्यंतचें धरलें. संध्याकाळ हातीं यायला तीन वर्षें लागलीं."

मग त्यांनी विहिरीचं सांगितलं. राग हातात उतरतो, म्हणून हाताला आधी काम द्यायचं. बोलण्याआधीचा श्वासही असाच एकेक दिवस करून बसवलेला. यात त्यांना कसली फुशारकी नव्हती. लंगड्यानं आपण जिना कसा चढतो ते सांगावं, तसं सांगत होते.

आणि तरीही मोडलं. मी चौदा वर्षांची असताना सेतूचं लग्न झाल्याचं पत्र आलं. झाल्यानंतर आलं, होण्याआधी नाही. मागच्या खोलीतून मामांचा असा आवाज आला की पाट्टी काठी टेकत धावली. पितळेचा तांब्या भिंतीवर आपटला. अक्कांना लागला नव्हता, पण त्या कोपऱ्यात डोक्यावर दोन्ही हात घेऊन बसल्या होत्या. कितीतरी वेळानं आईनं ते हात खाली घेतले. मामा अंगणात विहिरीच्या काठावर बसले होते. विहिरीवर जायचं त्यांना आठवलं होतं, पण उशिरा आठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना दातण करताना पाहिलं. एका रात्रीत म्हातारे दिसत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुन्हां स्नानापर्यंत." छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी ते सगळं पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी संध्याकाळ लवकर हाती आली, वर्षभरातच आली. ते मात्र कुणाला तसं म्हणाले नाहीत.

पुढच्याच वर्षी अक्का अंथरुणाला खिळल्या. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी कापायला उशीर झाला म्हणून सांगितलं. मामा निवृत्त झालेच होते. अक्कांचं सगळं त्यांनीच केलं, अगदी केस विंचरण्यापासून. पण मामांचा हात चेहऱ्याजवळ आला की अक्कांची मान आपोआप आत जायची. दुखणं एवढं, पण ते दचकणं जाईना. तेव्हा मामांनी आणखी एक सवय लावून घेतली. हात लावण्याआधी सांगायचं. "केंस विंचरतों." "कपाळ पुसतों." "उशी नीट करतों." प्रत्येक वेळी, हळू आवाजात, आणि सांगून झाल्यावर थोडं थांबून. दिवसातून पन्नास वेळा हे अंगणात ऐकू यायचं.

एका सकाळी ते आमच्या दाराशी आले. त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिलं नव्हतं असं हसू होतं. आईला म्हणाले, "आज सांगायला विसरलों. कपाळावर माशी बसली होती, तशीच हांकलली. दचकली नाहीं ती." आई त्यांच्या मागोमाग गेली. अक्कांचे डोळे अर्धे उघडे होते. आईनं त्यांच्या पायाच्या तळव्याला चिमटा घेतला, मग दंडाला घेतला. मामा बाजूला उभे राहून बघत होते. आईला काही बोलावं लागलं नाही. अक्कांची शुद्ध परत आली नाही आणि दुपारी त्या गेल्या.

सेतू तिसऱ्या दिवशी पोहोचला. तिशीचा, बापासारखाच उंच. सगळं रीतीप्रमाणं करत होता, पण बापाशी बोलत नव्हता. दहावं उरकून आल्यावर तो ओट्यावर बसला होता. मी दाराआत तांदूळ निवडत होते. मामा येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले आणि काहीतरी म्हणाले. सेतू रस्त्याकडंच बघत राहिला. मामा पुन्हा म्हणाले.

मग सेतूनं मान वळवली. "अप्पा, मोठ्यानें बोला. ह्या बाजूनें मजला ऐकूं येत नाहीं." आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं.

मामांनी तोंड उघडलं. पण आवाज चढेना. वर्षानुवर्षं घोटून घोटून त्यांनी तो खाली बसवला होता, आणि आता मुलाला ऐकू जाण्यापुरताही तो वर येत नव्हता. दोनदा त्यांनी प्रयत्न केला. मग ते ओट्याला वळसा घालून मुलाच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि त्याच्या कानाशी वाकून बोलू लागले. काय बोलले ते मला कळलं नाही; बराच वेळ बोलत होते.

सेतूनं सगळं ऐकून घेतलं. "अम्मा पत्रांत लिहीत असे," तो म्हणाला, "अप्पा बदलले म्हणून. मजला वाटे, बिचारी खोटें लिहिते. आतां पाहिलें, खरें आहे." मामा त्याच्याकडं बघत होते. "पण अप्पा, मजला त्याचा आतां उपयोग नाहीं."

"सेरी," मामा म्हणाले.

चौदाव्या दिवशी सेतू खरगपूरला गेला. त्यानंतर कधीमधी कार्ड यायचं, दोन ओळींचं.

वर्षभरानं आमची बदली नागपूरला झाली. सामान पुढं गेलं, आम्हाला न्यायला झटका, म्हणजे तिकडची घोडागाडी, येऊन उभा राहिला. मामा फाटकापर्यंत आले. मी सतरा वर्षांची होते आणि त्या वयात माणूस विचारू नये ते विचारतं. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला अजून राग येतो?"

"येतो," ते म्हणाले. "रोज येतो. आतां ज्याच्यावर यावा तें माणूस घरांत नाहीं."

वडिलांनी आतून हाक मारली, स्टेशनावर वेळेत पोहोचायचं होतं. मी घाईनं चढले आणि त्यांना नमस्कार करायचा राहून गेला. तीन वर्षांनी मुदलियारांचं वडिलांना पत्र आलं, रावजी गेल्याचं. सेतू पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. पण अस्थी त्यानं दुसऱ्या कुणाला नेऊ दिल्या नाहीत; आपण स्वतः रामेश्वरला घेऊन गेला, असं त्यात शेवटी लिहिलं होतं.