ठकूचं पाखरू

महिना झाला. दवाखान्यातून धाकट्या पोराचा फोन आला, "बाबा, आई गेली." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. रडणं मला जमत नाही. म्हणून तिच्या हसण्याची गोष्ट सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ. भिंगारला मी लष्कराच्या छावणीच्या बागेत माळी होतो. लग्न नवं. ती माहेरची ठकू. आमच्या लोकांनी लग्नात नाव बदलून सुशीला केलं. मी दोन्हींतलं एकही घेत नसे. बायकोला नावानं हाक मारायची रीतच नव्हती. "ऐकलं का" एवढ्यावर संसार चालायचा.

दसऱ्यानंतर दारच्या जास्वंदीवर एक पाखरू येऊन गायला लागलं. अंगठ्याएवढं, चोच वाकडी, पोट पिवळं आणि गळ्यापासून खाली काळी रेघ. शेजारचे मास्तर पाखरांचं इंग्रजी पुस्तक घेऊन आले. त्यात तसल्याच चोचीचा जांभळा नर होता, पिवळी मादी होती. रेघवालं कुठंच नव्हतं. मास्तर हरखले. "नवीनच जात दिसते! मुंबईच्या पक्षीवाल्यांना कळवतो. ज्यानं आधी पाहिलं त्याचं नाव देतील."

"म्याच पाह्यलं आदी," ही दारातून म्हणाली. "ठकू लावा, मास्तर. सुशीला नगं."

मी म्हणालो, "पाखराला ठकू? लोक हसत्याल."

"मंग तुमचं लावू? ती काळी रेघ तुमच्या मिशीवानीच हाय."

मास्तर हसून हसून खाली बसले. तेव्हापासून धुण्याचं पाणी जास्वंदीला. तिला तिचं नाव परत हवं होतं... मला उशिरा कळलं.

माघात पाखराच्या अंगावर जांभळे डाग पडले. रोग झाला म्हणून ही हळद उगाळायला बसली! पुढं ते सगळंच जांभळं झालं. पुस्तकातलाच नर. विणीनंतर तो काही महिने रंग उतरवतो, हे पुस्तकात नव्हतं. "वहिनी, जुनंच निघालं," मास्तर म्हणाले. ही आत निघून गेली. जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी पाखरू गायला लागलं तसा मी अंगणातून ओरडलो, "ठकू, आली का गं?"

आतून आवाज आला, "आले!"

माझी आई म्हणाली, "कुनाला हाका मारतूस रं?"

"पाखराला."

आत भांडं पडलं. हसत होती.

मग जन्मभर तसंच हाकारलं. नराला "आली" म्हणतो म्हणून मास्तर चिडायचे. आता आळीतल्या पोरांना वाटतं, त्या पाखराची जातच ठकू. सकाळी कुणीतरी ओरडतं, "आजोबा, ठकू आली!"

आणि मी उठतो.