परकराची नाडी आणि पाण्याचा सेन्सर

आमच्या घरात माझ्याकडे आता एकच खातं उरलंय, धुण्याचं. स्वयंपाकघर सूनबाईनं गोड बोलत बोलत कधी ताब्यात घेतलं ते मला कळलंसुद्धा नाही. भाजी मुलगा ऑफिसातून येताना आणतो आणि दर वेळी जून भेंडी आणतो. पण धुणं माझं. कुठल्या कॉलरला आधी ब्रश मारायचा, कुठला कुर्ता रंग सोडतो, कोणाच्या खिशात हमखास कागदाचा लगदा निघतो, हे आमच्या कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये फक्त मला ठाऊक आहे.

म्हणून मशीन बिघडलं तेव्हा माझं धाबं दणाणलं. टब भरला तरी त्याचं पाणी घेणं काही थांबेना. ड्राय बाल्कनीतून ओघळ थेट खालच्या मजल्यावर गेला आणि खालून शेजारणीचा आवाज आला, "आजी, धबधबा लावलाय काय वरती? माजे कपडे आत्ताच सुकले हायत!"

मेकॅनिक आला, त्यानं मागचं झाकण उघडून टॉर्च मारला. "लेव्हल सेन्सर गेलाय, आजी. टबात पाणी किती झालं तेच मशीनला समजत नाही." पार्ट घेऊन येतो म्हणून गेला तो गेलाच. मग मुलानं परस्पर निकाल लावला. "आई, टेन्शन घेऊ नकोस. नवीन मागवलंय. रविवारी येईल, जुनं तेच लोक घेऊन जातील. फ्रंट लोड आहे, एकदम मस्त."

फ्रंट लोड, म्हणजे पुढून तोंड असलेलं. कपडे टाकायला वाका, काढायला वाका. आणि माझ्या गुडघ्यांनी वाकणं केव्हाच सोडलंय. आमचं मशीन वरून उघडतं, उभ्या उभ्या सगळं होतं. पुढून तोंडाचं आलं की 'आई, तुम्ही बसा, मी टाकते' सुरू होणार आणि माझं शेवटचं खातंही जाणार. पण हे आपल्या तोंडानं कोण सांगेल?

"मला रंग नाही आवडला," मी म्हटलं.

"आई, पांढरा आहे. आपलं आहे तेही पांढरंच आहे."

"तो पांढरा निराळा."

आता सेन्सरचंच निघालंय म्हणून सांगते. एके काळी आमच्या घरात जिवंत सेन्सर होता, तो म्हणजे मी. तेव्हा दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक होतं. नळाला पाइप लावायचा, समोर उभं राहायचं, रेघेपर्यंत पाणी आलं की नळ बंद. एवढंच काम. पण मी कसली उभी राहते! पाणी सोडायचं आणि आत जाऊन बहिणीला फोन लावायचा. तिच्या नणंदेचा विषय रेघेपाशी कधीच थांबत नसे. बाल्कनीत तळं झालं की ही बाई, म्हणजे तेव्हाची मी, कमरेवर हात ठेवून जाहीर करायची, "बिल्डरनं फरशीला उतारच दिला नाही!" दर आठवड्याला उतार नसायचा. शिवाय हीच बाई हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ते मशीन झाकण उघडून दाखवायची आणि वर सांगायची, "लक्ष ठेवावं लागतं हो, सगळ्यांना नाही जमत." आज ती भेटली तर तिचा कान धरीन. अर्थात तीही ऐकून घेणारी नव्हती.

तर शनिवारी सकाळी मी मार्केटात स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. मेकॅनिकनं झाकण उघडलं होतं तेव्हाच सूनबाईनं जुन्या सेन्सरचा फोटो काढून दिला होता. दुकानदारानं तसाच एक काढला, तळहातावर मावेल एवढी गोल प्लास्टिकची डबी, तिला वायरीची खाच आणि एक बारीक नळीचं तोंड. म्हणाला, "मावशी, हा हवेवर चालतो. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, त्यावरून याला समजतं." मी अशी मान हलवली की जणू हे मला बारशापासून माहीत आहे. कळलं काहीच नव्हतं.

सूनबाईला शनिवारची सुट्टी. ती म्हणाली, "आई, उद्या नवीन येतंय, कशाला हा खटाटोप?"

"बघू या तरी. नाही झालं तर उद्या आहेच की."

तिनं दुरुस्तीचा व्हिडिओ लावला, प्लग काढला आणि आम्ही दोघींनी मागचं झाकण उघडलं. ती टॉर्च धरून, मी स्क्रू ड्रायव्हर धरून. एक स्क्रू, एक वायरीचा जोड, एक नळी. जुनी डबी निघाली, आणि तेवढ्यात स्क्रू माझ्या पायाशी पडला.

"आई, स्क्रू पडला."

"दिसतोय."

"अहो, तुमच्या पायाशीच आहे."

"दिसतोय म्हटलं ना."

ती थांबली. वाकून तिनं स्क्रू उचलला, माझ्याकडे बघितलं, मग मशीनच्या वरच्या झाकणाकडे बघितलं.  मी नव्या डबीवर फार बारकाईनं काहीतरी वाचत राहिले. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

डबी बसली, वायर बसली, नळी बसली. नळीला एक तारेची क्लिप होती, ती काढतानाच कुठेतरी उडाली होती. नळी सुटली आणि पाणी गळालं तर? मी कपाटातून परकराची नाडी आणली. आमच्याकडे गिझरच्या पाइपपासून टीव्हीच्या वायरीपर्यंत सगळं नाडीनंच बांधलेलं आहे आणि काहीही पडलेलं नाही. नळीला चार वेढे दिले आणि करकचून गाठ मारली.

"आता बापजन्मात सुटणार नाही," मी म्हटलं.

मशीन सुरू केलं. पाणी आलं, चढलं, आणखी चढलं. मध्यावर थांबायला हवं होतं, ते काठाशी आलं.

"आजी!" खालून हाक आली. अजून थेंब पडला नव्हता. तिनं नुसत्या आवाजावरून ओळखलं होतं.

सूनबाईनं बटण दाबून मशीन बंद केलं. "गेलं, आई. राहू दे आता."

 उद्या नव्या मशीनबरोबर दोन माणसं येणार, याला उचलून जिन्यानं उतरवणार, आणि मी सोफ्यावर बसून बघणार. मी त्या नाडीच्या गाठीकडे बघत राहिले. आणि दुकानदाराचं बोलणं, ज्याला मी मान हलवली होती, ते आता डोक्यात शिरलं. नळीत पाणी नसतंच मुळी. हवा असते. आणि त्या हवेचा मी गळा आवळला होता.

"कात्री आण," मी म्हटलं.

"कशाला?"

"आण तर."

पाणी काढून टाकलं, प्लग पुन्हा काढला. नाडी कापली. नळीला खोल वळ पडला होता. बोटांनी चोळून तो सरळ केला. क्लिप सूनबाईला कपड्यांच्या बादलीमागे सापडली, तीच लावली. कापलेली नाडी हातात धरून ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "अहो आई, तुम्ही सेन्सरला परकर नेसवला!"

बादलीतले कपडे टबात टाकून पुन्हा पाणी सोडलं. दोघी दोन बाजूंनी टबात डोकावून उभ्या. या वेळी मी जागची हलले नाही, आणि बहिणीचा फोन वाजत होता तरी घेतला नाही. पाणी कपड्यांच्या वर आलं, मध्याशी पोचलं, आणि माझ्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं, "बस!"

पाणी थांबलं. क्षणभर शांतता, मग टब घरघरत फिरू लागला.

"ऐकतं हो तुमचं," सूनबाई म्हणाली.

"ऐकणारच. माझ्या हाताखालचं आहे."

तिनं हात पुसले आणि फोन लावला. "अरे, ते उद्याचं मशीन कॅन्सल कर... हो, चालू झालं, आईंनी केलं... नाही, तरीसुद्धा नको. मला रंग आवडला नाही."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तो पांढरा निराळा आहे," ती म्हणाली.