नेमके दोन

काल प्रॅक्टिकलच्या हॉलमागं जनरेटर सुरू झाला, डिझेलचा वास आत शिरला आणि मला पूर्णेच्या कॉलेजातली माझी परीक्षा आठवली. तेव्हाही लाइट गेली होती, कॉम्प्युटर जनरेटरवर चालले होते, आणि बाहेरून आलेले परीक्षक प्रत्येकीच्या ओढणीत चिठ्ठी असल्यासारखे रांगेतून फिरत होते. शेल स्क्रिप्टनं, म्हणजे कॉम्प्युटरला हुकमांच्या ओळी लिहून, दोनचं वर्गमूळ काढायचं होतं. माझ्या पडद्यावर १.४१४२ आलं. "हे कुणाचं बघून केलंस?" त्यांनी विचारलं. "मीच केलंय, सर." "मग याला यानंच गुणून दाखव." मी तशी ओळ लिहिली, उत्तर आलं १.९९९९. "दोन कुठंय? उतरवलेलं असंच असतंय," ते म्हणाले. दशांशाच्या चार घरांवर तोडलेल्या आकड्याचा गुणाकार थोडा कमीच भरणार, हे मला माहीत होतं, पण तोवर ते पुढच्या पडद्याकडं वळले. शेजारी माझी मैत्रीण होती. तिलाही त्यांनी तेच करायला लावलं, आणि तिच्या पडद्यावर नेमके दोन आले. तिला शाबासकी मिळाली, माझे मार्क कापले. स्टेशनकडं जाताना मी तिला अडवलं, "खरं सांग, तुझं दोन कसं आलं?" ती हसली. "अगं, गुणलंय कोण? वर्गमूळ काढायला टाकलेला दोनचा आकडाच परत छापला. त्यान्ला दोनच पायजे व्हते, दिले." काल परीक्षक मी होते, आणि प्रश्नही तोच होता. एका पोरीच्या पडद्यावर १.९९९९ दिसलं, मी मान डोलावून पुढं गेले. तिच्या शेजारच्या पोराकडं नेमके दोन होते. मी खुर्ची ओढली आणि त्याच्याजवळ बसले.