मे महिन्यातला डोंगर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वर्षानुवर्षं ज्याच्याबरोबर टपरीवर चहा प्यायलो त्या मित्राला नाही — आणि मावशीला तर नाहीच नाही. तुला का सांगतोय? तू आमच्या भागातला नाहीस, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला असलं काही सांगितलं की तो लगेच पाठीवर हात ठेवून समजूत घालायला लागतो, आणि समजूत घालणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे.

मी उपग्रहाची चित्रं वाचतो. म्हणजे आकाशातून काढलेल्या चित्रात जंगल कुठलं, शेत कुठलं, उघडी जमीन कुठली ते ओळखून त्यांना रंग द्यायचे. मग जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी ठेवून नैसर्गिक झाडी किती घटली ते सांगायचं. दोन हजार सात-आठच्या सुमाराला नवीन पनवेलमध्ये एका मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. चार कॉम्प्युटर, एक एसी, आणि दिवसभर खालून येणारा तुपाचा वास. पण 'उपग्रह' म्हटलं की लोकांचे चेहरे कसे बदलतात ते तू बघायला हवं होतंस! वर काहीतरी फिरतंय, त्याला सगळं दिसतं, आणि ते आमच्या कानात येऊन सांगतं — असा भल्याभल्यांचा समज. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, तोच आमचा धंदा. उंट जरा जास्त उंच, एवढंच.

आमचे सर या समजावरच जगत होते. पर्यावरण दिनाला खादीचा कुडता घालायचे, भाषणात चिरनेरचा जंगल सत्याग्रह आणल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि भाषण संपलं की खदानवाल्याच्या गाडीत बसून जेवायला जायचे. मी त्यांना मनातल्या मनात नावं ठेवायचो. मनातल्या मनात — उघड कधी नाही. उघड मी 'हो सर' म्हणायचो. तेव्हा त्यांच्यापेक्षा मी बरा, असं समजू नकोस.

आता थोडं झाडांबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडच्या डोंगरांवरचं रान पानगळीचं. पावसानंतर ते भरलेलं असतं, थंडीतही बरंच तग धरतं, आणि एकदा ऊन तापलं की पानं टाकून नुसतं काड्यांसारखं उभं राहतं. झाड मेलेलं नसतं — पाणी वाचवत असतं. पण उपग्रहाला झाड कळत नाही, पान कळतं. या चित्रांत रंग बदललेले असतात, म्हणून आमच्या पडद्यावर पान लाल दिसतं. डिसेंबरच्या चित्रात जो डोंगर तांबडाभडक, तोच मे महिन्याच्या चित्रात राखेच्या रंगाचा. म्हणून या कामातला अगदी पहिला धडा असा, की पानगळीची झाडी उन्हाळ्याच्या चित्रावरून मोजायची नाही. कालचा आलेला पोरगाही हे सांगेल.

मला हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं.

एका खदानवाल्याला त्याच्या खदानीमागचा डोंगर हवा होता. त्या डोंगरावर सांगण्यासारखी नैसर्गिक झाडी नाही, असा अहवाल लागणार होता. सरांनी मला खोटं बोल असं सांगितलं नाही — ते इतके मूर्ख नव्हते. माझ्या खुर्चीमागे उभे राहून एवढंच म्हणाले, "मे महिन्याची इमेज जास्त क्लिअर असते, नाही का?" माझ्या मशीनवर दोन्ही चित्रं उघडी होती. मी 'हो सर' म्हणालो आणि डिसेंबरचं चित्र बंद केलं. झालं. इतकं सोपं असतं ते. कोणी धमकी दिली नाही, कोणी पाकीट सरकवलं नाही. मला फक्त सरांच्या मर्जीत राहायचं होतं — आणि तेवढ्यासाठी मी एक अख्खं रान 'पडीक' या रंगात भरून टाकलं.

त्या डोंगराच्या पायथ्याशी माझी मावशी राहायची.

हो. आमचं घर तिथून लांब, ओवे गावात, पण माझी आई लवकर गेली, आणि शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी या मावशीच्या घरी काढल्या. डोंगर मला ठाऊक होता, चढूनउतरून ठाऊक होता. शिवाय अहवालाच्या नियमाप्रमाणे मी प्रत्यक्ष पाहणीलाही गेलो — जानेवारी असावा — आणि ऐनाच्या झाडाच्या सावलीत उभं राहून कॅमेरा खदानीच्या बाजूच्या उघड्या कातळाकडे वळवला. फोटो छान आला. उतरताना मावशीकडे जेवलो. ती विचारत होती, डोंगरावर काय काम काढलंस? मी म्हटलं, सरकारी आहे.

मावशी काही साधीभोळी, देवभोळी बाई होती असं समजू नकोस. तोंडाने फटकळ होती. दहाचे शंभर करून सांगायची. गावात तिचं निम्म्या घरांशी भांडण होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना ती माझ्या शिक्षणाच्या कथा ऐकवून हैराण करायची. मला तिची लाज वाटायची — ती ऑफिसात कधी आली नाही, याचं मला बरं वाटायचं. हेही सांगून टाकतो.

मग खदानीच्या परवानगीसाठी गावात सुनावणी झाली. शाळेच्या पटांगणात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, खदानवाल्याकडून प्रत्येकाला वडापाव आणि पाण्याची बाटली. गावातले बाप्ये पुढच्या रांगेत, गळ्यात साखळ्या, खिशात डंपर बुक केल्याच्या पावत्या. डोंगरावर काय आहे ते त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकाने तोंड उघडलं असेल तर शपथ! वडापाव मात्र दोनदोन हाणले. अधिकाऱ्याने रीतसर विचारलं, कोणाची हरकत? आणि मागून मावशी उठली.

"वर झाडी हाय," ती म्हणाली. "आख्खा डोंगर झाडीचा हाय. मी जातंय ना वरती, मला ठाव नाय का?"

लोक हसले, कारण ती उठली की लोक हसतच. तेवढ्यात तिला मी दिसलो, पडद्याशेजारी, हातात रिमोट घेऊन. तिचा चेहरा इतका खुलला — मला अजून तो दिसतो, आणि दिसला की माझीच मला चीड येते. ती अधिकाऱ्याला म्हणाली, "ह्यो माजा भाचा हाय, सायेब. शिकलेला हाय. त्यालाच इचारा ना."

तिने मला साक्षीला बोलावलं. कळतंय ना तुला? आख्ख्या मांडवात तिला एकच माणूस खरा वाटला.

मी मे महिन्याचं चित्र लावलं. राखेचा डोंगर पडद्यावर पसरला. मी म्हणालो, "बाई, उपग्रहाच्या चित्रात इथे झाडी दिसत नाही." बाई म्हणालो मी तिला. जिच्या हातचं खाऊन वाढलो तिला — बाई. आणि वाक्य कसं जपून केलं होतं बघ! दिसत नाही. खोटं नव्हतंच ते. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "मावशे, भाच्याकडून चष्मा करून घे!" मांडव हसला. सरही हसले. मीही थोडा हसलो, सगळे हसत होते म्हणून.

मावशी खाली बसली. भांडली नाही. जी बाई वीतभर बांधासाठी दिराचं डोकं फोडायला निघाली होती ती एका चित्रापुढे गप्प झाली. सभा संपल्यावर माझ्याजवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "आभालातनं दिसतं रे तुला? केवरा शिकलास!" मला काय वाटलं, विचार. सुटल्यासारखं वाटलं. चक्क आनंद झाला.

तुला वाटत असेल, संपलं, हीच ती कबुली. असली कबुली द्यायला मी तुझ्यापर्यंत कशाला आलो असतो? असे अहवाल आमच्या धंद्यात ढिगाने लिहिले जातात. लिहिणारे रात्री घोरत झोपतात, मीही झोपलो.

डोंगर गेला. आधी वरचं रान, मग माती, मग डोंगर. मावशीच्या पत्र्यावर क्रशरची पांढरी धूळ बसायला लागली. मधल्या काळात सगळ्या तालुक्यातली नैसर्गिक झाडी किती घटली याचा नकाशा करायचं काम मला मिळालं. त्या नकाशाचं कौतुक झालं. त्यात हा डोंगर कोरा आहे — घट शून्य. पहिल्या चित्रात जे नव्हतंच ते जाणार कुठून? हल्ली मी कॉलेजातल्या मुलांना शिकवायलाही जातो. चुकीच्या ऋतूचं चित्र घेतलं तर काय गफलत होते, ते मी फार रंगवून सांगतो. ती गफलत कोणीतरी दुसऱ्याने केलेली असते.

आता ते सांगतो.

सुनावणीला बरीच वर्षं झाली होती. मावशीचे यजमान वारले होते, मावशी थकली होती. विसरायला लागली होती — गॅस चालू ठेवायची, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारायची. घरात कोणी तिचं ऐकून घेत नसे. मुलाचे दोन डंपर त्याच खदानीवर चालत होते. तिने जुन्या रानाची गोष्ट काढली की तो म्हणायचा, आई, झाडी नव्हती तिथे, दादा बोलला नव्हता का भर सभेत? त्याने लहानपणी त्याच झाडांवरून उड्या मारल्या होत्या. पण डंपरचे हप्ते चालू असताना कोण आठवतंय! आणि मी त्याला कशाला हसू, त्याला आयता दाखला मीच दिला होता.

जून लागायला आला होता. मी गेलो तेव्हा मावशी एकटीच चुलीपाशी शेवळं निवडत बसली होती. शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर रानात उगवणारी भाजी. फार चवीची, पण घशाला खाजते. त्यात काकडाची आंबट फळं घातली तरच ती खाण्याजोगी होते. ही फळं काकडाच्या झाडाला लागतात, आणि ती झाडं त्या डोंगरावर होती. त्या दिवशीची फळं सुनेने पनवेलच्या बाजारातून आणली होती. मावशीने त्यातलं एक उचललं आणि बराच वेळ बोटांत फिरवत राहिली.

"बाला," ती म्हणाली, "डोंगरावर झाडी नवती ना?"

मी टोपलीतली शेवळं पुढे ओढून निवडायला लागलो.

"मंग इतकी वरसं मी काकडं कुठून आनायची?"

किती सरळ प्रश्न होता! सभेत कोणी तो विचारला असता तर माझं चित्र तिथेच फाटलं असतं. आणि आता तो विचारताना तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. स्वतःच्या डोक्यावरचा तिचा विश्वास उडत चालला होता, आणि आपली आठवण खरी की खोटी हे ती मला विचारत होती. त्यातही मलाच.

तिथे कोण होतं ऐकायला? सून बाहेर टीव्ही बघत होती. सर निवृत्त होऊन पुण्याला गेले होते. खदान आता कोणाच्या हातून निसटणार नव्हती. 'होती, मावशी, तू बरोबर होतीस' — एवढं म्हणण्यात माझं काहीही गेलं नसतं. पण मग ती माझ्याकडे कशी बघेल, हे माझ्या मनात आलं. तिच्यासमोर मी अजून आभाळातून बघणारा भाचा होतो. तेवढी एक जागा मला सोडवली नाही.

मी म्हणालो, "बाजारातून आणत असशील, मावशी."

तिने हातातलं फळ बाकीच्या फळांत टाकलं. मग म्हणाली, "आसंल. माजंच डोकं नाय जाग्यावर आता."

भाजी झाली. मी जेवलो, दुसऱ्यांदा मागून घेतली.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा तिने मला आपणहून सांगितलं, की पनवेलच्या बाजारात एक म्हातारी बसायची, हिरव्या लुगड्याची, तिच्याकडून ती काकडं घ्यायची. म्हातारी फार प्रेमळ होती, मूठभर जास्तच घालायची. अशी कोणी बाई कधी नव्हती. नंतर दर खेपेला त्या बाईचं काहीतरी नवीन निघायचं — तिची मुलगी, तिचा दुखरा गुडघा. डोंगराचं नाव मात्र तिने पुन्हा काढलं नाही. शेवटच्या आजारात ती घरच्यांना विसरली, पण ती म्हातारी तिच्या लक्षात होती. माझा हात धरून विचारायची, "तू पायली व्हतीस ना तिला?"

मी हो म्हणायचो.