वाकडी गिटार आणि नासीरचाचांची जागा

लग्नसराई लागली की प्रेमराजच्या दुकानाचं शटर दुपारीच खाली येतं. पारोळ्याच्या बस स्टँडसमोर तो मोबाइल दुरुस्त करतो, पण गावात त्याची ओळख बॅण्डमधला गिटारवाला अशीच आहे. धुळ्याच्या धनसिंग आबांच्या बॅण्डमध्ये तो कॉलेज सुटल्यापासून वाजवतो. आबांच्या गाडीवर मोजक्याच माणसांना बसायला मिळतं. ढोल-ताशेवाले खाली चालतात.

त्याची इलेक्ट्रिक गिटार वाकडी आहे. मोडून वाकडी झालेली नाही, घडवतानाच तशी घडवलेली. नेहमीच्या गिटारची कंबर दोन्हीकडून समोरासमोर आत गेलेली असते. हिची एक बाजू पुढे सरकलेली, दुसरी मागे. उभ्या माणसानं एका पायावर भार टाकावा तशी. धुळ्याला पाचव्या गल्लीतल्या वाद्यांच्या दुकानात ती बरीच वर्षं पडून होती. गिऱ्हाईक हातात घेई, डोळ्यांसमोर आडवी धरी आणि ‘सरळ नाही का?’ म्हणून परत देई. प्रेमराजनं ती मांडीवर घेऊन पाहिली आणि परत दिलीच नाही. बॅण्डची गाडी खड्ड्यातून गेली की त्याची आधीची गिटार मांडीवरून घसरायची, एक हात ती सावरण्यातच अडकायचा. ही मांडीवर बसली की हलत नव्हती. दोन्ही हात मोकळे.

“हाई वाकडी कथाईन लई उना रे?” कुठून आणलीस म्हणून कॅसिओवाल्या भूषणनं पहिल्याच दिवशी विचारलं. तेव्हापासून तिचं नाव वाकडी.

वाकडीत आवाज किती आहेत हे प्रेमराजला हळूहळू कळत गेलं. वरच्या कडेला एक छोटा खटका होता. तो सरकवला की आवाज जाड आणि दबका होई, दार लोटून घेतल्यासारखा. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या ब्रिजजवळ छेडलं की थेट बेन्जो. ब्रिजच्या मागे तारांचा बोटभर तुकडा मोकळा राहतो, तो नखानं उडवला की घुंगरं हलल्यासारखी वाटत. शिवाय एक लोखंडी दांडी होती. ती दोन बोटांत सैल धरून हलवली की सूर थरथरत एका जागेवरून दुसरीकडे घसरे. हळदीला एक आवाज, मारुतीच्या पारावर दुसरा, वरातीत तिसरा, आणि वाद्य तेच. खोड एकच होती: जोरात ठोकलं की तार ब्रिजवरून उडायची.

पण हे सगळं तो दुकानात, गिऱ्हाईक नसताना वाजवी. बॅण्डमध्ये त्याचं काम मागून झ्यांग-झ्यांग करण्याचं. पुढचा माइक नासीरचाचांचा होता.

नासीरचाचा क्लॅरोनेट वाजवत. पारोळ्याचेच, प्रेमराजच्या वडिलांच्या वयाचे. सुरुवातीची आळवणी, वरातीतली नागिणीची धून आणि नवरी निघतानाची पाठवणी ही तीन कामं त्यांची. पाठवणीत ते एक लांब सूर असा धरत की नवरीचा मामा हमखास रुमाल शोधायचा.

“चाचा, थोडं कमी रडवा,” भूषण म्हणे. “मागच्या वेळेस नवरदेवच रडला.”

“वो तो बेटा, नवरी देखके रोया.”

मग गणपतीनंतर चाचांचे वरचे पुढचे दात हलू लागले. क्लॅरोनेट वरच्या दातांना टेकवून वाजवतात. दात हलले की सूर हलतो. जळगावच्या डॉक्टरनं दात काढून नवे बसवायचे ठरवले. हिरड्या घट्ट व्हायला माघ उजाडेल म्हणाला. तुळशीचं लग्न लागलं की बॅण्डचा हंगाम सुरू. चाचा बोळक्या तोंडानं प्रेमराजच्या दुकानात आले.

“माघापर्यंत माझं तू वाजव. आबांनी बाहेरचा क्लॅरोनेटवाला आणला, तर तो पुन्हा उठायचा नाही. तू बसलेला असलास तर जागा माझीच राहील.”

“गिटारवर क्लॅरोनेट कसं वाजेल, चाचा?”

“वाजव तर खरं.”

आठवडाभर ते रोज येत. तोंडानं धून गाऊन दाखवत, दात नसल्यानं मध्येच फुर्र होई आणि दोघेही हसत. प्रेमराजचं वाजवणं ऐकून ते नाही-नाही अशी मान हलवत राहिले. मग म्हणाले, “तेरे में ठोका है, मेरे में फूंक है. ठोका छुपा.” प्रेमराजनं विचार केला. तार छेडायच्या आधी आवाजाचं बटण करंगळीनं बंद करायचं, छेडल्यावर हळूच उघडायचं. ठोका गिळला गेला. आवाज फुंकल्यासारखा वर आला, दांडीनं तो थरथरला. चाचांनी त्याला पुन्हा वाजवायला लावलं.

त्या हंगामात प्रेमराज पुढच्या माइकवर बसला. पोरं मोबाइल वर धरून त्याचा व्हिडिओ काढत. एरंडोलच्या एका लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी त्याला गाडीसकट घेरून नागीण तीनदा वाजवायला लावली. घरी त्याच्या बायकोनं, रत्नानं, तो व्हिडिओ माहेरी पाठवला. इतकी वर्षं मागे बसलेल्या माणसाला पुढची हवा लागली होती, आणि ती त्याला आवडली.

माघात चाचा धुळ्याला आबांच्या गोदामात आले. नवे दात चकचकीत. त्यांनी पाठवणी वाजवली. पहिल्या दोन ओळी अडखळल्या, मग सूर लागला. लांबवायचा तो सूर त्यांनी पूर्वीइतकाच लांबवला. प्रेमराजनं तो स्वतःच्या कानांनी ऐकला.

चाचा पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा आबांनी विचारलं, “काय रे, तुझं काय म्हणणं?”

“दम पहिल्यासारखा राहिला नाही, आबा,” प्रेमराज म्हणाला.

कोणी बळजबरी केली नव्हती. वाक्य जिभेवर तयारच होतं, हे त्याला नंतर कळलं.

आबांनी मान डोलावली. चाचांना सांगितलं, “या वर्षी आराम करा. पुढं बघू.” चाचा वाकडीकडे बोट दाखवून म्हणाले, “आबा, पोट्ट्यानं चांगलं सांभाळलं, नाही का?” आणि क्लॅरोनेटची पेटी उचलून एसटीला निघाले.

तिथून पुढे प्रेमराजला चाचांची भीती वाटू लागली. ते मात्र पूर्वीसारखेच येत. त्यांचा मुलगा उमर आठवडी बाजारात तयार कपड्यांचं दुकान लावी; चाचा त्याच्याबरोबर बसून गिऱ्हाइकांना हाका मारत. बाजार उठला की प्रेमराजच्या काउंटरवर कोपर टेकून कुठल्या लग्नात काय वाजवलं ते विचारत.

“पाठवणीला खटका खाली ठेवलास की वर?”

“खाली.”

“बरोबर. वर ठेवला तर सूर टोचतो.”

“तुम्ही घरी वाजवता ना, चाचा?”

“घरात कसं वाजवणार? शेजारी म्हणतात, कुणाची वरात निघाली? आणि बाहेर कुणासमोर वाजवू?”

प्रेमराज स्क्रूड्रायव्हर घेऊन दुरुस्त झालेलाच मोबाइल पुन्हा उघडत बसे. त्यांनी एकदा जरी विचारलं असतं, की आबा तुझ्याशी काय बोलले, तर त्यानं सांगून टाकलं असतं, असं तो स्वतःला सांगे. ते विचारत नसत. आबांनी वयामुळे आराम दिला, एवढंच त्यांनी धरलं होतं.

पुढच्या हंगामात भडगावच्या वरातीत त्यानं नागिणीची धून मुद्दाम बिघडवली. दांडी हवी त्यापेक्षा जास्त दाबली, सूर उतरलेलेच ठेवले, दोन ओळी गाळल्या. लोकांना क्लॅरोनेटची आठवण व्हावी, कुणीतरी आबांकडे तक्रार करावी, असा हिशेब होता. नवरदेवाचा काका तोंडात रुमाल धरून रस्त्यावर आडवा झाला आणि तसाच डोलत राहिला. धून संपल्यावर एक जण खुश होऊन गाडीला लोंबकळून ओरडला, “भाऊ, आते कसं वाजनं! डबल होऊ द्या!”

बिघाड ऐकला होता फक्त आबांनी. वरात मंडपाला लागल्यावर त्यांनी त्याला गाडीमागे नेलं.

“तारा उतरल्या होत्या का तुझ्या?”

“नाही.”

“मग? माझ्या बॅण्डचं नाव घालवतो का?”

“नासीरचाचांना परत बोलवा, आबा.”

“तूच म्हणाला होतास, दम राहिला नाही.”

“खोटं बोललो होतो.”

आबांनी तंबाखू मळणं थांबवलं नाही. “मला काय कान नाहीत? मीही होतो ना तिथं. मस्त वाजवलं होतं त्यानं. पण एका कामाला दोन माणसं कशाला, हे त्याच्या तोंडावर मला सांगवत नव्हतं. तू बोललास, माझं काम सोपं झालं.” तंबाखू गालात धरून ते म्हणाले, “चाळीसगावला पुढची तारीख आहे. बोलव त्याला. पाठवणी त्याची, बाकी तू.”

चाळीसगावला चाचा इस्त्रीचा शर्ट घालून आले. भूषणनं त्यांच्यासाठी खुर्ची पुसली. “चाचा, रडवायची मापं विसरला तर नाहीत ना?” चाचा हसले. दुपारभर त्यांनी क्लॅरोनेट मांडीवर ठेवलं, अधूनमधून ओठांना लावून काढलं.

नवरी गाडीकडे निघाली. चाचांनी सुरुवात केली. पहिली ओळ आली, दुसरी आली. लांब सुरावर ते पोचले आणि प्रेमराजला त्यांच्या मानेच्या शिरा दिसल्या. सूर अर्ध्यावर पातळ झाला. वर्षभर कुणासमोर न वाजवलेल्या छातीत तेवढीच हवा होती. प्रेमराजनं आबांना जे खोटं सांगितलं होतं, ते आता खरं झालं होतं, आणि ते खरं करायला त्याचं एक वाक्य पुरलं होतं.

करंगळीनं त्यानं बटण बंद केलं, तार छेडली, बटण उघडलं. वाकडीचा सूर चाचांच्या सुराखालून वर आला आणि तो जिथे तुटला तिथून पुढे गेला. क्लॅरोनेट चाचांच्या ओठांतच होतं. दोघांचा आवाज एकाच भोंग्यातून येत होता, बदल कुणाला कळला नाही. आई मुलीच्या गळ्यात पडली, मामानं रुमाल काढला. आबा वऱ्हाड्यांशी बोलत होते. चाचांनी श्वास घेतला, पुढची ओळ पकडली आणि प्रेमराज मागे सरला.

सामान भरताना चाचा त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. क्लॅरोनेटचे तुकडे वेगळे करून एकेक पुसत होते.

“तू होतास म्हणून निभावलं,” ते म्हणाले. “नाहीतर आज इज्जत गेली असती.”

“चाचा, मला तुम्हाला...”

“थांब, ऐक. थोडे दिवस वाजवलं की परत येईल दम. तोवर असंच खालून धरत जा. आणि एक कर.” त्यांनी आबांच्या दिशेनं पाहिलं, आवाज उतरवला. “धनसिंग को मत बोलना, के मेरा दम गया. तू बोलला तर त्याला खरं वाटेल.”

प्रेमराज वाकडीची वायर गुंडाळत होता. ती गुंडाळून झाली तरी त्याचे हात चालूच राहिले.

“नाही सांगणार,” तो म्हणाला.

चाचांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि गाडीवर चढायला खुर्चीवर पाय ठेवला. खुर्ची हलू नये म्हणून प्रेमराजनं ती खालून दोन्ही हातांनी धरली.