कड्यावरचं पिल्लू आणि आमची खानावळ

चार माणसं एका कामाला लागली की काम सावकाश होतं, किस्से मात्र भराभर साठतात. आमच्या कामात किश्श्यांबरोबर वासही साठतो.

काम गिधाडांचं. ही जात आता संपायला आलीय. गुरांचं दुखणं थांबवायला टोचतात ते एक औषध तिच्या जिवावर उठलं. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडही मरतं. कन्नडच्या डोंगरात बऱ्याच वर्षांनी एका जोडीनं कड्यावर घरटं केलं. म्हणून ते औषध न टोचलेलं मेलेलं जनावर शोधायचं आणि डोंगराखालच्या कुंपणात नेऊन ठेवायचं. त्या जागेला आम्ही खानावळ म्हणतो. आम्ही म्हणजे माझा नवरा प्रसाद, फोन सांभाळणाऱ्या कुलकर्णी काकू, छावणी भागातले टेम्पोवाले रफिकभाई आणि लग्नामुळे भरती झालेली मी.

*

प्रसाद मला बघायला आला तेव्हा हातात पोह्यांची बशी असतानाच त्याचा फोन वाजला.

"गेली? कधी?" आणि चेहरा एकदम उजळला. "आजच? वा, फार छान झालं."

बाबांचा चमचा थांबला. आत्यानं दबक्या आवाजात विचारलं, कोण गेलं हो? "म्हैस," तो म्हणाला. मग त्यानं गिधाडं, औषध, कडा असं सगळं पोहे गार होईपर्यंत सांगितलं.

पाहुणे गेल्यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी एरवी कमी बोलते, पण तेव्हा बोलले. "मेलेल्या म्हशीला एवढा खुलतो, म्हणजे जिवंत बायको निभावून नेईल."

*

माझं कपाट माहेरून रफिकभाईंच्या टेम्पोतून आलं. त्या दिवसापासून कपाट उघडलं की दर्प! सासूबाईंनी कापूर ठेवला, उदबत्ती फिरवली, शेवटी रफिकभाईंना बोलावून घेतलं. ते बिचारे दारातच उभे राहिले.

"अम्मा, कसम से, पहले भाभी का कपाट लाया, बाद में बैल. क्रम देखो मेरा. इज्जत का काम है."

सासूबाईंनी मग स्वतः कपाट खालपर्यंत उपसलं. माझ्या शालूच्या मागं प्रसादचे खानावळीतले गमबूट निघाले. आईला दिसू नयेत म्हणून त्यानं घरातली सगळ्यात सुरक्षित जागा शोधली होती!

*

कुलकर्णी काकूंकडं सोवळं कडक, पण फोन आला की सगळं बाजूला. गुलमंडीच्या बाजारात आम्ही दोघी एका साडीवर घासाघीस करत होतो. दुकानदार एक पैसा सोडेना. तेवढ्यात काकूंचा फोन वाजला.

"अरेरे, कधी गेला?" काकू आधी नेहमी दुःख व्यक्त करतात. मग त्यांचा आवाज चढला. "सुई टोचली नव्हती ना? नक्की? पोट फुगलंय का? असू द्या, आमच्यांना चालतं. कातडं काढून ठेवा, टेम्पो पाठवते."

शेजारच्या गादीवरच्या बायका उठून गेल्या. दुकानदारानं काही न विचारता साडी बांधली, आमच्याच भावात.

*

अंड्यातून पिल्लू आलं आणि नेमकी तेव्हाच खानावळ रिकामी पडली. आई-बाप लांब लांब जायला लागले. लांबचं जनावर कशानं मेलं, त्याला काय टोचलं होतं, हे त्यांना कोण सांगणार? एक चुकीचं जेवण, की कडा पुन्हा ओसाड.

मग देवगाव रंगारीहून फोन आला. तिथले शेतकरी सखाराम मामा, त्यांचा बैल राजा म्हातारपणानं गेला होता. कसलीही सुई नाही. पण मामांना तो स्वतःच्या वावरात पुरायचा होता, त्यांच्या घरची रीतच तशी. आम्ही त्यांच्या घरी गेलो, प्रसादनं त्यांना सगळं शास्त्र सांगितलं. मामा खाली मान घालून बसले होते. बोलत होत्या त्या मामी.

"लई गुणाचा. नांगराला जुंपला की कासरा ओढायचं काम नाय. ह्यांनी नुसतं 'हो राजा, तासानं' म्हणलं की नांगराची रेघ धरून सरळ चालायचा."

मी त्यांना मोबाइलवर पिल्लाचा फोटो दाखवला. पांढऱ्या लवीचं, भलं कुरूप. मामींनी तो मोठा करून बघितला.

"आई-बाप दोघं बी आणतेत व्हय घास?"

"दोघंही."

मामींनी मामांकडं बघितलं. मामांनी मान हलवली. अट एकच, राजा पोळ्यासारखा सजून जाईल.

त्या दुपारी रफिकभाईंच्या टेम्पोत झूल पांघरलेला, बाशिंग बांधलेला बैल निघाला. समोर पुरणपोळीचा नैवेद्य. रस्त्यावरची माणसं हात जोडत होती आणि रफिकभाई प्रत्येकाला खिडकीतून सलाम करत होते. कुंपणात पोचल्यावर झूल काढायचं धाडस कुणाला होईना. शेवटी सोवळ्याच्या काकूंनीच पदर खोचला.

*

उन्हाळ्याच्या तोंडावर पिल्लू कड्याच्या टोकाशी येऊन पंख झाडायला लागलं. आज उडेल, उद्या उडेल, असं करत आम्ही समोरच्या टेकडीवर मुक्कामच ठोकला. सासूबाई डबा घेऊन आल्या. एका सकाळी देवगाव रंगारीहून मामा-मामीही आले. मामा एका दगडावर जाऊन बसले.

ऊन तापलं, वारा उठला आणि पिल्लानं स्वतःला सोडून दिलं.

ते उडालं नाही, पडलं. मग पंख उघडले, पण एकच नीट उघडला. ते कलंडत सरळ खडकाकडं निघालं. प्रसादनं माझा हात इतका आवळला की बांगडी वाढली. काकूंनी डोळे मिटले.

मामा दगडावरून उठले. कासरा धरल्यासारखी मूठ आवळून हात पुढं धरला.

"हो राजा," खच्चून आवाज गेला दरीत. "हो, हो. तासानं."

पिल्लू सरळ झालं. खडक सोडून, दरीच्या मधोमध, आखल्यासारखं पुढं निघून गेलं.

मामा खाली बसले. काकूंच्या पिशवीत फोन वाजत राहिला.